सकाळी चौथा, संध्याकाळी अकरावा

पत्र: नमस्कार. आमचा ठाण्यात वॉटरप्रूफिंगचा व्यवसाय आहे, ऑफिस नौपाड्यात. प्रत्यक्ष कामं नवरा आणि दीर बघतात, वेबसाइट माझ्या गळ्यात. दीड वर्षापूर्वी भाच्याने ती वर्डप्रेसवर करून दिली. रोज सकाळी सातच्या सुमारास, डबे भरून झाले की मी मोबाइलवर ‘वॉटरप्रूफिंग कॉन्ट्रॅक्टर ठाणे’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप करते आणि आपण कितवे आलो ते वहीत लिहिते. सोमवारी ४, बुधवारी संध्याकाळी पुन्हा बघितलं तर ११, शनिवारी दोन पानं उलटूनही पत्ता नाही, मंगळवारी परत ५. दीर घोडबंदर रोडला कामावर असतात, त्यांच्या फोनवर तिसराच आकडा. घसरलं की मी मथळा बदलते, मजकूर बदलते. कधी वर जातं, कधी आणखी खाली. ठाण्यातल्या २२ भागांची २२ पानंही केली आहेत. आता एक एजन्सी महिना १५ हजारांत ‘पहिला नंबर, गॅरंटी’ म्हणते आहे. पावसाळ्याआधीच्या चौकशा एप्रिलपासून सुरू होतात आणि आत्ता फेब्रुवारी आहे. पैसे भरू का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: पैसे तूर्त भरू नका. आणि उद्या सकाळपासून तो आकडा वहीत लिहिणंही थांबवा. वही मात्र टाकू नका, तिचं काम पुढे आहे.

तुम्ही लिहिलेले आकडे खोटे नाहीत. फक्त ते तुमच्या वेबसाइटचे नाहीत. नौपाड्यातल्या एका घरातून, एका फोनवर, सकाळी सात वाजता काय दिसलं त्याचे आहेत. स्थानिक कामाचा शोध घेतला की शोधणारा कुठे उभा आहे हे गूगल बघतं. निकालांच्या पानाच्या अगदी तळाशी जा. तिथे तुमची जागा लिहिलेली असते आणि ती कशावरून ठरवली तेही असतं: फोनच्या लोकेशनवरून की इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून. लोकेशन चालू असेल तर तिथे नौपाडा किंवा ठाणे दिसेल. बंद असेल आणि तुम्ही मोबाइल डेटावर असाल तर नुसतं ‘मुंबई’ही दिसू शकतं. ज्या दिवशी गूगलला तुम्ही मुंबईत बसल्या आहात असं वाटलं, त्या दिवशी तुमची गाठ अंधेरी-दादरच्या कंपन्यांशी पडली. शनिवारचं गायब होणं कदाचित एवढंच असेल. इन्कॉग्निटो विंडो उघडून यातून सुटका होत नाही. ती तुमचा मागचा इतिहास बाजूला ठेवते, जागा लपवत नाही.

दिरांचं कोडंही यातच सुटतं. घोडबंदर रोडवरची कासारवडवली नौपाड्यापासून आठ-दहा किलोमीटर. तिथे उभ्या माणसाला गूगल तिथल्या जवळचे कॉन्ट्रॅक्टर आधी दाखवणार. याउलट तीन हात नाक्यापलीकडे मुलुंडमध्ये बसलेल्या माणसाला तुम्ही वर दिसू शकता, ठाणे-मुंबईची हद्द मध्ये असूनही.

मोजता कसं, हा दुसरा प्रश्न. वरच्या ‘प्रायोजित’ जाहिराती धरता का? नकाशाबरोबर येणारी तीन नावांची पेटी? लोक आणखी काय विचारतात ती उघडमीट होणारी प्रश्नांची रांग? भारतात ऑगस्ट २०२४ पासून दिसू लागलेला एआयचा सारांश? या पेट्या कधी असतात, कधी नसतात, कधी वर, कधी मध्येच. तुमची निळी ओळ जागची हललेली नसताना तिच्या डोक्यावर सात गोष्टी येऊन बसल्या की बोटाने मोजताना चौथी ओळ अकरावी होते.

आणि ती सकाळची सातची वेळ! नकाशावरच्या तुमच्या नोंदीत ऑफिस दहा ते सात उघडं असं असेल, तर सकाळी सातला तुम्ही ‘बंद’ आहात. नकाशाच्या निकालांमध्ये धंदा त्या क्षणी उघडा आहे की नाही याला वजन दिलं जातं, हे गूगलने २०२३ च्या अखेरीस स्वतः सांगितलं आहे. म्हणून ‘२४ तास उघडे’ लिहायचा मोह होईल. तो टाळा. खोटी वेळ नियमात बसत नाही आणि रात्री दोनला गळतीने वैतागलेल्या माणसाचा फोन उचलला गेला नाही, तर त्याचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू वर्षभर डोळ्यांसमोर राहील.

खरा हिशेब गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे आपली वेबसाइट शोधात कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या सेवेत मिळतो, तोही फुकट. भाच्याने वेबसाइट जोडली होती का ते त्याला विचारा. तेव्हाच जोडली असेल तर मागच्या १६ महिन्यांचे आकडे तयार मिळतील. नसेल तर आकडे जोडल्या दिवसापासून साठायला लागतात, म्हणून हे काम आजच करा. ‘डोमेन’ प्रकारची प्रॉपर्टी निवडा. गूगल एक टीएक्सटी नोंद, म्हणजे मालकी पटवणारी मजकुराची एक ओळ देतं. डोमेन जिथून विकत घेतलं त्या खात्यातल्या डीएनएस सेटिंगमध्ये ती चिकटवायची आणि ‘व्हेरिफाय’ दाबायचं. नोंद पसरायला थोडे तास, क्वचित एक-दोन दिवस लागतात. खातं तुमच्या स्वतःच्या जीमेलवर काढा. एजन्सीच्या नको, भाच्याच्याही नको.

मग ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. वर चार चौकोन दिसतात: क्लिक, इम्प्रेशन (किती वेळा दिसलात), सीटीआर (दिसलात त्यातल्या किती वेळा क्लिक झालं त्याचं प्रमाण) आणि ॲव्हरेज पोझिशन (सरासरी स्थान). शेवटचे दोन सुरुवातीला बंद असतात. पोझिशनवर बोट ठेवून तो चालू करा. मुदत तीन महिने, देश भारत, उपकरण मोबाइल. क्वेरीच्या, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांच्या फिल्टरमध्ये तुमचे शब्द टाका, पण ‘तंतोतंत हेच’ न निवडता ‘यात असलेले’ निवडा. लोक स्पेलिंग हजार तऱ्हेने करतात. इथला दिवस कॅलिफोर्नियाच्या घड्याळाप्रमाणे बदलतो, म्हणजे आपल्या दुपारी साडेबाराला, हिवाळ्यात दीडला. शेवटचे दोन-तीन दिवस अर्धवट भरलेले असतात. आलेखाचं टोक खाली वळलेलं दिसलं म्हणून हातातलं काम टाकून धावू नका.

आता ‘सरासरी स्थान’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तुमची वेबसाइट निकालात दिसली की एक इम्प्रेशन. त्या वेळी तुमचा सगळ्यात वरचा दुवा कितव्या जागी होता ते नोंदवलं जातं आणि सगळ्याची सरासरी काढली जाते. दहा वेळा दिसलात, त्यातल्या सहा वेळा तिसऱ्या जागी, चार वेळा बाराव्या: १८ अधिक ४८, भागिले १०, म्हणजे ६.६. साडेसहाव्या जागी तुम्हाला कुणीच पाहिलं नाही! एकाला तिसऱ्यावर दिसलात, दुसऱ्याला बाराव्यावर.

याची पुढची पायरी एप्रिल-मेमध्ये गंमत करते. समजा फेब्रुवारीत नौपाडा-पाचपाखाडीतून ४० शोध आले आणि सगळ्यांना तुम्ही चौथ्या जागी दिसलात. सरासरी ४. मेमध्ये ते ४० तसेच राहिले, तुम्ही चौथेच आहात, पण आता घोडबंदर, कळवा, डोंबिवलीतून आणखी ६० जणांनी शोधलं आणि त्यांना तुम्ही चौदाव्या जागी दिसलात. १६० अधिक ८४०, भागिले १००. सरासरी १०. आलेख चारवरून दहावर कोसळला आणि प्रत्यक्षात कुणीही तुम्हाला खाली ढकललेलं नाही. उलट नव्या ६० जणांपर्यंत नाव पोचलं. म्हणून पोझिशनचा आकडा एकटा कधीच वाचू नका. आधी क्लिक, मग इम्प्रेशन, मग पोझिशन. क्लिक टिकून आहेत, इम्प्रेशन वाढलेत आणि पोझिशन बिघडली, तर चहा घ्या. क्लिक आणि पोझिशन दोन्ही पडले आणि इम्प्रेशन आहेत तेवढेच, तर मात्र काहीतरी खरंच हललं आहे.

दिवसाला दहा-पंधरा इम्प्रेशन असलेल्या शब्दाचा रोजचा आकडा बघण्यात अर्थ नाही. दोन माणसं मुंब्र्यातून शोधून गेली की तो उडी मारतो. तुलना २८ दिवसांची आधीच्या २८ दिवसांशी करा. ३० ची नको, कारण २८ मध्ये नेमके चार रविवार येतात आणि तुमच्या धंद्याच्या चौकशा रविवारी वेगळ्या असतात: माणूस घरी असतो, छताकडे बघतो. मागच्या वर्षाशी तुलना करताना एक खाचखळगा सांभाळा. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवायची सोय बंद केली. क्रमवारी तपासणारी अनेक सॉफ्टवेअर तीच वापरत आणि त्यांची गणतीही इम्प्रेशनमध्ये धरली जात असावी. त्या महिन्यात असंख्य वेबसाइटचे इम्प्रेशन घटले आणि सरासरी स्थान ‘सुधारलं’. तुमच्या आलेखातही ती पायरी दिसली तर ती तुमची नव्हे. एखादी एजन्सी तोच आलेख दाखवून श्रेय घेऊ लागली, तर हे आठवा.

इथपर्यंतची हालचाल म्हणजे मोजमापाची खळखळ. पण तुमच्या पत्रातून एक खरं दुखणं दिसतं आणि ते एजन्सीने सांगितलं नसावं, कारण ते दुरुस्त करायला १५ हजार लागत नाहीत.

क्वेरीचा फिल्टर तसाच ठेवून खालच्या ‘पेजेस’ टॅबवर जा. एका शब्दासाठी एकच पान दिसायला हवं, किंवा एक ठसठशीत पुढे आणि बाकी किरकोळ. तुमच्याकडे बहुधा तीन-चार दिसतील: मुखपृष्ठ, सेवेचं पान, नौपाड्याचं पान आणि एखादा जुना लेख. एकेकावर टिचकी मारून त्याचा आलेख बघा. पहिलं पान चमकतं त्या दिवशी दुसरं शून्यावर आणि दोन दिवसांनी उलट, असं दिसलं तर तुमचीच पानं एकमेकांशी शिवाशिवी खेळत आहेत. दोन्हींवर जवळपास तेच लिहिलेलं असल्यामुळे गूगलला कोणतं पुढे करावं ते ठरवता येत नाही. एक पान पाचव्या योग्यतेचं, दुसरं पंधराव्या; जे पुढे आलं तो तुमचा त्या दिवसाचा नंबर.

यात तुमचं मथळे बदलणं तेल ओततं. मथळा बदलला की तो लगेच लागू होत नाही. गूगलने पान पुन्हा वाचावं लागतं आणि छोट्या वेबसाइटला त्यासाठी काही दिवस ते काही आठवडेही लागतात. बुधवारी बदललेला मथळा मंगळवारपर्यंत कदाचित वाचलाही गेला नसेल. मंगळवारी नंबर वर आला तो त्यामुळे, असं वहीत लिहिणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला. आणि दहा दिवसांत चार बदल केलेत तर कोणता लागू पडला हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

दुरुस्ती अशी करा. आधी वेबसाइटचा पूर्ण बॅकअप. मग ‘ठाण्यात वॉटरप्रूफिंग करून देणारा’ या शोधासाठी एकच पान ठरवा: ज्याला तीन महिन्यांत जास्त क्लिक आले आणि ‘लिंक्स’ अहवालात ज्याच्याकडे बाहेरून जास्त दुवे आहेत ते. बाकीच्या पानांवरचा उपयोगी मजकूर आणि फोटो त्यात हलवा. मग जुन्या पत्त्यांवरून या पानाकडे कायमचं, म्हणजे ३०१ क्रमांकाचं रीडायरेक्ट लावा; जुना पत्ता उघडला की माणूस आपोआप नव्या पानावर जातो. वर्डप्रेसमध्ये ‘रीडायरेक्शन’ नावाचं मोफत प्लगइन आहे. जुना पत्ता, नवा पत्ता, जतन करा, संपलं. हे रीडायरेक्ट निदान वर्षभर काढू नका. मेनू, तळपट्टी आणि इतर पानांतले दुवे थेट नव्या पत्त्यावर न्या, रीडायरेक्टच्या भरवशावर ठेवू नका. रीडायरेक्ट न लावता नुसतं पान डिलीट केलं तर त्याची कमाई वाया जाते, आणि रोबोट्सच्या फाइलमध्ये (गूगलने कोणती पानं वाचू नयेत ते सांगणारी फाइल) अडवलं तर गूगलला रीडायरेक्ट दिसतच नाही. या दोन चुका सर्रास होतात.

मुखपृष्ठ अर्थातच रीडायरेक्ट करता येत नाही. तेच मध्ये लुडबुड करत असेल तर त्याचा मथळा तुमच्या फर्मच्या नावाभोवती ठेवा आणि त्यावरून सेवेच्या पानाला स्पष्ट शब्दांत दुवा द्या. ‘इथे क्लिक करा’ नको, ‘ठाण्यातली वॉटरप्रूफिंगची कामं’ असं लिहा.

झालं की सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये (एकेक पान तपासायची सोय) नवा पत्ता टाकून ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ एकदा दाबा. एकदाच. तेच बटण रोज दाबल्याने काम लवकर होत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलंय.

आता ती २२ पानं. वर्तकनगर, मानपाडा, कोपरी, कळवा, माजिवडा… प्रत्येक पानावर मजकूर तोच आणि फक्त भागाचं नाव वेगळं असेल, तर गूगलच्या नियमांत याला नाव आहे: डोअरवे, म्हणजे माणसाच्या उपयोगासाठी नव्हे तर नुसतं शोधात दिसण्यासाठी उभी केलेली दारं. ते स्पॅममध्ये मोडतं. सर्च कन्सोलमध्ये ‘इंडेक्सिंग’खाली असलेल्या वेगळ्या ‘पेजेस’ अहवालात यातली बरीच पानं ‘वाचलं, पण सध्या सूचीत नाही’ या अर्थाच्या रांगेत पडलेली सापडतील. ही शिक्षा नसते. गूगलला ती ठेवण्यासारखी वाटली नाहीत, एवढंच. पण त्यातली जी सूचीत शिरली ती मुख्य पानाशी भांडत बसतात.

आमचं मत: २२ ची ४ करा. ज्या भागात दाखवण्यासारखं काम झालंय त्याचंच पान राहू द्या आणि त्यात ते काम दिसू द्या. सात मजली इमारत, गच्ची किती चौरस फुटांची, जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) उखडला की त्यावरच कोटिंग केलं, पॅरापेटच्या म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या कोपऱ्यात वाटा (गोलाई) कसा मारला, पावसाळी पाइपच्या तोंडाशी काय केलं, पाणी किती तास तुंबवून ठेवून पॉन्डिंग टेस्ट घेतली, किती दिवस लागले, वॉरंटी किती वर्षांची. फोटो स्वतःच्या साइटवरचे (तुमच्या घरात ‘साइट’ या शब्दाचे दोन अर्थ असल्याने सांगते: दिरांच्या साइटवरचे). कामगाराच्या हातात ट्रॉवेल असलेला आणि मागे ओळखीची टेकडी दिसणारा धूसर फोटो इंटरनेटवरून उचललेल्या गोऱ्या इंजिनिअरपेक्षा शंभर पट कामाचा. बाकीच्या १८ पानांचे पत्ते मुख्य सेवेच्या पानाकडे ३०१ ने वळवा.

मोकळ्या झालेल्या वेळात दुसऱ्या प्रकारचं पान लिहा. गळती झालेला माणूस ‘कॉन्ट्रॅक्टर’ नंतर शोधतो. आधी तो शोधतो: वरच्या बाथरूममधून छताला ओल, टाइल न फोडता गळती थांबते का, स्लॅबमधून पावसाचं पाणी, गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीचा की माझा. शेवटच्या प्रश्नावर ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्यांच्या सभा भांडतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याने आणि बाहेरच्या सामाईक नळांमुळे होणारी गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. सदनिकेच्या आतल्या नळजोडणीचा खर्च सभासदाचा. ही बाब साध्या मराठीत, दोन फोटोंसह आणि कोणती गळती कशी ओळखायची यासह लिहिलीत, तर सेक्रेटरी ते पान सोसायटीच्या ग्रुपवर टाकतील. अशा लांब शोधांवर मोठ्या कंपन्यांची गर्दी कमी असते, तिथे नंबर फार हलत नाही आणि येणारा फोन पक्का असतो. ‘वॉटरप्रूफिंग कॉन्ट्रॅक्टर ठाणे’ हा एकच शब्दसमूह धरून बसलात तर मात्र तुम्ही मोठमोठ्या डिरेक्टरी वेबसाइटशी कुस्ती खेळत राहाल.

नकाशावरच्या नोंदीबद्दल थोडक्यात. तिथला क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक. अंतरावर तुमचा ताबा नाही. सेवाक्षेत्रात वीस भागांपर्यंत नावं घालता येतात, पण कासारवडवली लिहिल्याने तुमचं ऑफिस कासारवडवलीला जात नाही. मुख्य श्रेणी वॉटरप्रूफिंगची असू द्या, नुसती ‘कॉन्ट्रॅक्टर’ नको. नावाच्या रकान्यात पाटीवर आहे तेवढंच नाव. ‘…बेस्ट वॉटरप्रूफिंग ठाणे वेस्ट’ असं शेपूट जोडलंत तर नोंद निलंबित होऊ शकते, आणि ती मे महिन्यात झाली तर मोसम हातचा गेला. काम संपल्यावर गिऱ्हाइकाला रिव्ह्यूचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवा. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, ते नियमाबाहेर आहे.

गूगलच्या मोठ्या बदलांचं सावटही अधूनमधून येतं. ‘कोअर अपडेट’ वर्षातून काही वेळा येतात आणि पसरायला आठवडे घेतात: मार्च २०२४ चा ५ मार्चला सुरू होऊन १९ एप्रिलला संपला, म्हणजे ४५ दिवस, जून २०२५ चा ३० जून ते १७ जुलै चालला, ऐन पावसाळ्यात. त्या काळात आकडे वरखाली होणारच. गूगलच्या ‘सर्च स्टेटस डॅशबोर्ड’वर सुरुवात आणि शेवट जाहीर होतो. शेवट झाल्यावर पूर्ण आठवडाभर थांबा, मग सुरू होण्याआधीच्या आठवड्याशी तुलना करा. दुसऱ्यावरून चौथ्यावर आलात तर काही करू नका. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेलात तर पान नव्या डोळ्यांनी वाचून बघा.

शनिवारसारखं पूर्ण गायब होणं पुन्हा झालं आणि सर्च कन्सोलमध्येही त्या दिवशी इम्प्रेशन शून्य दिसले, तर खऱ्या बिघाडाची शक्यता आहे. मुख्य पानाचा पत्ता यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये टाका. ‘नोइंडेक्स’मुळे (सूचीत घेऊ नका, या खुणेमुळे) वगळलं असं आलं, तर वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’मध्ये सर्च इंजिनला मनाई करणाऱ्या चौकोनात टिक आहे का बघा, डिझाइन बदलताना तो कुणीतरी लावतं आणि काढायला विसरतं. सर्व्हरची चूक आली, तर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘क्रॉल स्टॅट्स’मध्ये ५०० च्या मालिकेतल्या चुका किती दिवस येत होत्या ते दिसेल, तो स्क्रीनशॉट होस्टिंगवाल्याला पाठवा. ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ आणि ‘सिक्युरिटी इश्यूज’ या दोन रांगा रिकाम्या असल्या म्हणजे गूगलने शिक्षा केलेली नाही आणि त्याला हॅकिंगही आढळलेलं नाही.

एजन्सीकडे वळू. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात लिहिलं आहे. तरी हमी ‘पूर्ण’ होते, ती कशी, हे माहीत असू द्या. एक, तुमच्या फर्मच्या नावासकट असलेला किंवा कुणी शोधतच नाही असा शब्द निवडून. दोन, ‘प्रायोजित’ जागा पैसे भरून घेऊन. जाहिरात थांबली की नंबरही थांबतो. तीन, दुसऱ्या वेबसाइटवर तुमच्याकडे येणारे विकतचे दुवे लावून, जे गूगलच्या नियमांनुसार स्पॅम ठरतं. ते निष्प्रभ केले जातात किंवा त्यावरून कारवाई होते, आणि ती तुमच्या डोमेनवर होते, त्यांच्या नव्हे. तरीही बोलायचं असेल तर त्यांना तीनच प्रश्न विचारा: कोणते शब्द आणि त्यांना महिन्याला किती इम्प्रेशन आहेत, नंबर कुठल्या जागेवरून आणि कुठल्या उपकरणावर मोजणार, महिन्यात वेबसाइटवर नेमकं काय बदलणार. तिसऱ्यावर ‘शंभर बॅकलिंक’, म्हणजे असेच बाहेरचे दुवे, असं उत्तर आलं तर फोन ठेवा. काम दिलंच कुणाला, तर सर्च कन्सोलची मालकी तुमच्याकडे ठेवून त्यांना वापरकर्ता म्हणून जोडा. सोडलं की काढून टाका.

वेळापत्रक तुमच्या धंद्याचंच धरा. आत्ता फेब्रुवारी. पानं एकत्र करणं, रीडायरेक्ट, मथळे हे सगळं होळीच्या आधी उरका. एकत्र केल्यानंतर दोन ते सहा आठवडे नंबर आणखी हलेल, त्यात परत हात घालू नका. अक्षय तृतीयेपर्यंत ते बहुतेक बसलेलं असेल. अक्षय तृतीयेनंतर पत्ते, मेनू, थीम, होस्टिंग यातलं काहीही बदलायचं नाही. पाऊस ठाण्यात साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो आणि त्याआधीचे पाच-सहा आठवडे तुमच्या चौकशांच्या गर्दीचे. तेव्हा फक्त नवे फोटो आणि नवं काम टाका. मोठी डागडुजी दिवाळीनंतर, जशी तुम्ही गच्चीची करायला सांगता तशीच.

आणि वही. डावीकडे तारीख आणि त्या दिवशी वेबसाइटवर काय बदललं ते, एका ओळीत, जुना मथळा आणि नवा मथळा दोन्ही. एका वेळी एकच बदल आणि निदान चार आठवडे वाट. उजवीकडे दर सोमवारी २८ दिवसांचे क्लिक, इम्प्रेशन आणि शेवटी पोझिशन. तिसऱ्या रकान्यात फोन: किती आले, किती जागा बघायला गेलो, किती कामं मिळाली. दिरांना आणि नवऱ्याला सांगून ठेवा की नवा फोन आला की ‘आमचा नंबर कुठून मिळाला?’ एवढ्यावर थांबायचं नाही. ‘गूगलवर’ असं उत्तर आलं की लगेच विचारायचं, ‘काय टाइप केलं होतं?’ जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, ‘भिंतीला पापुद्रे’ म्हणाले तर ‘भिंतीला पापुद्रे’. पुढच्या पानाचा मथळा तोच ठेवा.